पितळी कडी

मारुती ८००चा गिअरबॉक्स आज खोलला. काढलेल्या तेलात पितळेची चमक दिसली तेव्हाच अंदाज आला. दुसऱ्या गिअरचे दात शाबूत. झिजली ती सिंक्रोनायझरची कडी. आतल्या बारीक आट्यांनी तेलाचा थर कापायचा, शंकूला धरायचं, आणि स्लीव्ह गुंतण्याआधी गिअर अन् शाफ्टचा वेग जुळवायचा, एवढं तिचं काम. कडी शंकूवर दाबून फट तपासली, तर फीलर गेजचं सर्वांत पातळ पानही शिरेना. पकड संपली! यात गाडीचा काय दोष? वर्षानुवर्षं शिकाऊ पाय अर्धवट क्लच दाबत आले. रिव्हर्सला तर असली कडीच नाही, दातही सरळ. त्या सरळ दातांमुळेच मागे जाताना गाडी कण्हते. मला तो आवाज आवडतो, खरं तर. बेअरिंगं उद्या बघू.