माळ्यावरची चूक

चि. सोनूस,


तुमच्या वेळी गेम फक्त मुलगेच खेळायचे का, असं विचारलं होतंस. बहुतेक मुलगेच. जाहिराती आणि मासिकं त्यांनाच हाक मारत, त्यामुळे घरातला कॉम्प्युटरही त्यांच्याच ताब्यात जाई. पण 1982 च्या 'द हॉबिट' या गेमच्या दोन मुख्य कर्त्यांपैकी एक व्हेरोनिका मेगलर होती, मेलबर्नची विद्यार्थिनी. हे नाव लक्षात ठेव.

मला मात्र तेव्हाच्या आणि आजच्या खेळण्यातला खरा फरक दुसरीकडेच दिसतो. ब्रिटनमध्ये 1982 साली झेडएक्स स्पेक्ट्रम हा घरगुती कॉम्प्युटर आला. पुढे डेसिबल्स कंपनीनं परवाना घेऊन तो भारतातही विकला. टीव्हीला जोडायचा, टेपरेकॉर्डर लावायचा. गेम चढायला पाचेक मिनिटं: कर्कश किरकिर, पडद्याच्या कडेला निळ्या-पिवळ्या पट्ट्या, आणि अगदी शेवटी 'टेप लोडिंग एरर'. मग हेडचा स्क्रू किंचित फिरवून पुन्हा पहिल्यापासून. मशीन सुरू केलं की समोर गेम नसेच, बेसिक ही प्रोग्रॅमिंगची भाषा वाट पाहत असे. खेळायचं म्हटलं तरी आधी तिच्यात आज्ञा द्यावी लागे. मासिकात छापलेले प्रोग्रॅम लोक ओळ न् ओळ टाइप करत.

1984 सालच्या 'जेट सेट विली' या गेमची गोष्ट ऐक. विशीही न गाठलेल्या मॅथ्यू स्मिथनं तो लिहिला. गेम पहिल्यांदा पूर्ण करणाऱ्याला बक्षीस होतं, पण तो पूर्ण होणंच शक्य नव्हतं. गेममधला नायक विली एकदा माळ्यावर गेला की प्रोग्रॅममधल्या चुकीमुळे भलत्याच खोल्या बिघडत, काहींत तर पाऊल ठेवताच मरण. शेवटी बक्षीस मिळालं ते दोन खेळाडूंना. त्यांनी मशीनच्या मेमरीत शिरून चुका हुडकल्या आणि दुरुस्त्या कंपनीला दिल्या. खेळणाऱ्यांनी लेखकाचं काम पुरं केलं!

आज दुरुस्ती रात्रीतून आपोआप फोनवर येते. काय मोडलं होतं, कुणी जोडलं, खेळणाऱ्याला पत्ता नसतो. पण त्यामुळेच तुझी आजी दुपारी फोनवर ल्यूडो खेळू शकते, आणि हे मला मनापासून आवडतं. 2011 मध्ये इतरांचे खेळ थेट दाखवणारं ट्विच आल्यापासून नुसते बघणारेही कितीतरी वाढले. दुसऱ्याचा खेळ तासन् तास बघणं मला आळस वाटत नाही. कसब ओळखायला नजर लागते.

तुझी नजर तशी आहे. परवा त्या गेममधली उडी उशिरा लागते, असं तू नेमकं सांगितलंस. ते नुसतं रिव्ह्यूत लिहून सोडू नकोस. गोडो नावाचं गेम बनवायचं साधन फुकट मिळतं. ते उतरवून घे आणि एक माणूस, एक जमीन, एक उडी, एवढंच कर. उडी मनासारखी जमेना, तर फोन कर. रात्री दहानंतरही चालेल.

तुझा,
मामा