कांड्या

मावशीच्या दाराच्या चौकटीवर कोळशाने ओढलेल्या चोपन्न रेघा होत्या. दहा कांड्या भरून झाल्या की एक रेघ. १९९६ च्या उन्हाळ्यात त्या मी भरल्या होत्या, आणि एकेका रेघेबरोबर माझ्या डोक्यावरचे दहा दहा रुपये उतरत होते.

मावशी सख्खी नव्हे, शेजारची. उदगीरला आमच्या आणि तिच्या घरामध्ये एकच भिंत होती. बाबा मोंढ्यात हमाली करत, आई डाळ मिलमध्ये निवडायला जाई. दहावीला मला चांगले मार्क पडले आणि अकरावीसाठी लातूरला जायचं ठरलं. तिथल्या अभ्यासाच्या ‘लातूर पॅटर्न’चा तेव्हा गावोगाव बोलबाला होता. खोलीचं आगाऊ भाडं, मेसचे पैसे, पुस्तकं असा हिशेब मांडला तर सहाशे रुपये कमी पडत होते. आईने दोन ठिकाणी शब्द टाकला, तो वाया गेला. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशी आली, पदराची गाठ सोडली आणि नोटा आईच्या हातात न देता माझ्या हातात ठेवल्या.

“फुकट न्हाईत बरं का लेकरा. एक कांडी, एक रुपया. सहाशे भरून दे.”

मावशी खादी केंद्रात मागावर बसायची. खादीचा तिरंगा तयार करणाऱ्या देशातल्या मोजक्या संस्थांमध्ये नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती आहे, आणि त्या झेंड्याचं कापड उदगीरला विणलं जातं. गावाबाहेर हे फारसं कुणाला ठाऊक नसतं. मावशी तेच कापड विणायची. ताणा मागावर चढलेला असतो. आडवा धागा, म्हणजे बाणा, धोट्यातून जातो, आणि त्या धोट्याच्या पोटात बसते ती कांडी. गुंडीवरचं सूत रहाटावर फिरवून कांडीवर घ्यायचं. सैल घेतलं तर मागावर गुंता होतो, ताठ घेतलं तर सूत तुटतं. हातकताईचं सूत एकसारखं नसतं, त्यामुळे बोटांनी सतत अंदाज घेत राहावं लागतं. पहिल्या दिवशी माझ्या सात कांड्या झाल्या. त्यातल्या चार तिने उलगडून परत माझ्यापुढे टाकल्या.

एका कांडीचा खरा भाव रुपयाच्या कितीतरी खाली होता, हे मला फार उशिरा कळलं. तिने पैसे दिलेच होते, पण मला मिंधी होऊ दिलं नव्हतं.

मी लातूरला गेले तेव्हा पाचशे चाळीस झाल्या होत्या. साठ उरल्या.

पुढच्या वर्षी स्वातंत्र्याला ५० वर्षं झाली. कॉलेजात निबंधस्पर्धा होती, विषय ‘स्वातंत्र्य आणि मराठवाडा’. मी झपाटल्यासारखी वाचत सुटले. देश १५ ऑगस्ट १९४७ ला स्वतंत्र झाला तरी आमचा भाग निजामाच्या राज्यातच राहिला; आमच्याकडे स्वातंत्र्य उगवलं ते तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला. उदगीर तेव्हा बिदर जिल्ह्यात होतं. स्वामी रामानंद तीर्थांचा लढा, १९३८ चा सत्याग्रह आणि विद्यार्थ्यांची वंदे मातरम् चळवळ, निजाम सरकारचा महसूल बुडावा म्हणून तोडलेली शिंदीची झाडं, जाळलेले करोडगिरी नाके, सरहद्दीवरचे कॅम्प, ३० जानेवारी १९४८ ला फोडलेली उमरीची बँक, आमच्याजवळच्या हत्तीबेटावरची झुंज, गोरट्याचं हत्याकांड, निजामाच्या बाजूच्या रझाकारांची दहशत, सगळं मी त्या निबंधात घातलं. शेवट पोलीस ॲक्शनवर केला: १३ सप्टेंबरला फौजा आत आल्या, पाच दिवसांत निजाम शरण आला, गावोगाव तिरंगे लागले. निबंधाला पहिलं बक्षीस मिळालं.

दिवाळीच्या सुट्टीत मावशीने तो मोठ्याने वाचायला लावला. तिच्या ओसरीवर चाचा बसले होते. मावशीला माग शिकवला तो या चाचांनी. पंचाहत्तरीला टेकलेले, मोतीबिंदूने डोळे दुधाळ झालेले, तरी कापड बोटांत धरलं की पन्ह्यात कुठे धागा सुटलाय ते सांगायचे. मी त्वेषाने वाचलं. वाचून होईपर्यंत ते मान खाली घालून ऐकत होते.

“अच्छा लिखा बेटा,” ते म्हणाले. मग जरा वेळाने, “पर इसमें हमारा घर किदर है?”

मला प्रश्नच कळला नाही. मावशीला कळला. ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

त्या संध्याकाळी चाचांनी जे सांगितलं ते मी इथे थोडक्यातच लिहिते, कारण त्यांनीही थोडक्यातच सांगितलं. त्यांचं घर मुसलमान विणकरांचं. रझाकारीशी संबंध एवढाच, की एका रझाकार सरदाराने त्यांच्याकडून दोन थानं उचलून नेली होती आणि पैसे दिले नव्हते. पोलीस ॲक्शन संपली, निजाम शरण आला, त्यानंतरच्या आठवड्यात गावात जमाव आला. वडील आणि थोरला भाऊ मारले गेले. चाचा आणि त्यांची आई तीन रात्री उभ्या ज्वारीत लपून राहिले. माझ्या निबंधात जो आठवडा तोरणांचा होता, तो त्यांच्या घरी असा उजाडला होता.

मावशीचे वडील सरहद्दीवरच्या कॅम्पात होते. नाका जाळणाऱ्यांत होते, जिवावर उदार होऊन लढले होते. ते चौथ्या दिवशी गावी परतले आणि या मायलेकांना शेतातून आपल्या घरी घेऊन आले. ज्वारीच्या राशी होईपर्यंत दोघं तिथेच राहिली. जमावात कोण होतं हे सगळ्या गावाला माहीत होतं. त्यात कॅम्पातला एक साथीदारही होता.

पुढे स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झालं. लोक मावशीच्या वडिलांना सांगून थकले, पण त्यांनी अर्ज केला नाही. अर्जाला सोबतच्या सैनिकाचा दाखला लागायचा, आणि त्यांना दाखला देऊ शकेल असा हयात माणूस तोच एक होता. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात सालदारकी केली. मुलगी चौदा वर्षांची झाल्यावर तिला चाचांच्या मागापाशी नेऊन बसवलं. “याच्याकडून शीक,” एवढंच म्हणाले. त्या माणसाने मनात कोणतं देणं मानलं होतं, ते मावशीला त्यांनी कधी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही. ती विणत राहिली.

नंतर मी स्वतः शोधायला लागले. पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना नेहरूंनी १९४८ च्या अखेरीस हैदराबादेत पाहणीला पाठवलं होतं. त्यांच्या अहवालात त्या दिवसांत बळी गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा आहे. सर्वाधिक झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड ही नावं आहेत. हा अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. त्याच शोधात शोएबुल्ला खान भेटले. हैदराबादेतून ‘इमरोज’ हे उर्दू दैनिक काढणारा हा तरुण संपादक. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं लिहीत राहिला म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्याला ठार मारलं. हाही माझ्या निबंधात नव्हता. मी लिहिलेलं एकही वाक्य खोटं नव्हतं. रझाकारांनी केलं ते केलंच, गोरट्याचं रक्त खरंच सांडलं, आणि मावशीच्या वडिलांनी पत्करलेली जोखीमही खरीच. पण मी ज्याला देश म्हणून छातीवर हात ठेवत होते, त्यात माझ्याच शेजारच्या ओसरीवर बसणाऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. तेव्हापासून देशभक्तीचं कोणतंही भाषण ऐकलं की मी मनात चाचांचा प्रश्न विचारते. अलीकडे तो जास्त वेळा विचारावा लागतो. देशावर प्रेम आहे का, असं माणसाला चौकात उभं करून विचारायची रीत पडली आहे, आणि उत्तर काय द्यायचं ते विचारणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं. याचा मला राग येतो आणि भीतीही वाटते.

‘आपण देशाचं काही देणं लागतो’ असं आपण म्हणतो. वाक्य चांगलं आहे, पण मोघम आहे. मोघम देणं कुणी फेडत नाही. सावकाराच्या वहीत असो की आईच्या आठवणीत, देणं नावानिशी लिहिलेलं असतं. माझ्या वहीत मावशी आहे. मावशीच्या वहीत चाचा आहेत. चाचांच्या वहीत, त्यांनी कधी बोलून दाखवलं नसलं तरी, अंगणात जागा देणारा एक सालदार असणार. या ओळीत मला देश दिसतो. नकाशात तो मला इतका स्पष्ट कधी दिसला नाही.

चाचा गेले तेव्हा मी पुण्यात नोकरीला लागले होते. निरोप उशिरा मिळाला, मला जाता आलं नाही. ते मनाला लागून राहिलं आहे.

२०२२ साली स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवात घरोघरी झेंडे लावायचं ठरलं. आमच्या सोसायटीत ऐंशी फ्लॅट आहेत आणि त्या वर्षी मी खजिनदार होते. झेंडा हातकताईच्या, हातविणीच्या खादीचाच असावा हा नियम डिसेंबर २०२१ मध्ये बदलला होता. पॉलिस्टर आणि यंत्रावर केलेला झेंडाही आता चालणार होता. बैठकीत दोन्ही दर समोर आले. खादीचा दर पॉलिस्टरच्या कितीतरी पट होता. कुणाचाही हेतू वाईट नव्हता. बजेट होतं, घाई होती. मला सांगता आलं असतं, की हे कापड कोण विणतं ते मला माहीत आहे, निदान गेटवरचा एक मोठा झेंडा तरी खादीचा घेऊ. एवढं बोलायला दोन मिनिटंही लागली नसती. मी बोलले नाही. ज्या सहाशे रुपयांनी मला त्या खुर्चीपर्यंत आणलं, त्यांची आठवण मला बिलावर सही करताना आली, आणि तरी मी सही केली.

त्या सप्टेंबरात मी उदगीरला गेले. १७ तारखेला मराठवाडा मुक्तिसंग्रामाचं अमृतमहोत्सवी वर्ष सुरू होणार होतं, गावात मंडप पडले होते. मावशीचं घर पुतण्याने पक्कं बांधलंय. ती जुनी चौकट गेली, तिच्यावरच्या रेघाही गेल्या. मावशी चौऱ्याहत्तरची, मागावर बसणं केव्हाच सुटलेलं. मी सगळं कबूल केलं. पर्समधून त्या ऐंशीतला एक झेंडा काढून तिच्या मांडीवर ठेवला. ती रागावेल, निदान तिला वाईट वाटेल, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर तिने रागवावं अशी माझी इच्छा होती.

तिने कापड अंगठा आणि तर्जनीत धरून चोळलं, चाचा चोळायचे तसंच.

“हे कुणी विणलं?”

“मशीनवर होतं मावशी हे.”

“मशीनवर कोन तरी बसलं आसंल की. बाई हाय का बाप्या? किती पडत्यात त्याला?”

मला काय सांगता येणार? सुरतेला की भिवंडीला, कुठल्या शेडमध्ये, बारा तासांच्या पाळीत की रात्रपाळीत, कोण होतं त्या यंत्रापाशी? खादी विरुद्ध पॉलिस्टर असा वाद मी मनात महिनाभर घातला होता, त्यात तो माणूस एकदाही आला नव्हता. पंचवीस वर्षांनी, त्याच घराच्या नव्या ओसरीवर, मला तोच प्रश्न विचारला गेला होता.

मावशीने झेंड्याची नीट घडी घातली आणि देवळीत ठेवला.

मग मी तिला जे विचारायला आले होते ते विचारलं. स्वातंत्र्य आलं म्हणजे तुमच्याकडे काय झालं? तिचा जन्म त्याच वर्षाचा, म्हणून ऐकलेलंच ती सांगणार होती. ती म्हणाली, आई सांगायची, रझाकाराच्या भीतीनं वर्षभर दाराला आतून उखळ लावून झोपायचो. त्या सप्टेंबरात बाप घरी आला, ते दोघं मायलेकरं आली, घर पुरेना, म्हणून समदेच अंगणात झोपायला लागलो. मी पोटात होते. आई म्हणायची, पहिल्याच राती चाचाची आई झोपंतून वरडत उठली, तर माझी आई तिच्याजवळ जाऊन निजली.

एवढं सांगून ती थांबली. बाहेर मंडपात लाउडस्पीकर तपासत होते.

“किती ऱ्हायल्या होत्या गं तुझ्या?” तिने एकदम विचारलं.

“साठ.”

“सहा रेघा,” ती म्हणाली. तिला आठवत होतं.

पलीकडच्या गल्लीतली एक सूनबाई आता केंद्रात मागावर जाते. तिच्याकडचं सूत आणि रहाट मावशीने मागवून घेतला. मी खाली बसले. सव्वीस वर्षांनी बोटं विसरली होती. पहिली कांडी सैल झाली, मावशीने हात लावून पाहिली आणि उलगडून परत दिली. दिवे लागेपर्यंत अकरा झाल्या.