मैदान सात किलोमीटरवर गेलं तेव्हा

वस्तीतल्या पोरांचं मैदान शहराबाहेर न्यायच्या कागदावर माझीही सही आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं मी कुठल्या जागेवर उभा राहून बोलतोय ते तुम्हाला कळेल.

परभणीत आमच्या वस्तीमागे एक मोकळी जागा आहे. एका अंगाला विहार, दुसऱ्या अंगाला शाळेची भिंत. सगळं शहर क्रिकेट खेळतं, आमच्याकडे मात्र फुटबॉल रुजला. कारण साधं होतं. एका बॉलवर बावीस जण खेळतात, बॅट-पॅडचा खर्च नाही, आणि बूट नसले तरी चालतं. मोंढ्यात हमाली करणारी पोरं संध्याकाळी सहाला थेट तिथेच यायची. पोरी यायच्या, कारण आई दारातून हाक मारू शकत होती.

तीन वर्षांपूर्वी एका कार्यालयातून निरोप आला. ही जागा दुसऱ्या कामाला लागणार आहे, त्याऐवजी शहराबाहेर मोठं, सपाट, कुंपण घातलेलं मैदान वापरायला मिळेल, गोलपोस्टसकट. मला तो आपला विजय वाटला. खड्ड्यांत खेळणाऱ्या पोरांना खरं मैदान मिळतंय, म्हणून मी सही केली, पेढे वाटले, स्टेटसही ठेवलं. पहिल्या महिन्यात पंचवीस पोरं आली. चौथ्या महिन्यात नऊ उरली. सगळ्यात आधी पोरी सुटल्या. मग हमालीवाले. त्यातल्या एकाला मी जरा रागानेच विचारलं, तर तो म्हणाला, "दादा, ऑटोला जाऊन-येऊन चाळीस रुपये लागायलेत. तेवढ्यात घरी दूध येतंय."

समाजशास्त्रात एमए केलेल्या माणसाला हे आधी दिसायला हवं होतं. त्यातून मी ते एकदा डोळ्यांनी पाहिलेलं होतं, पुण्यात.

एमएला असताना मी बालेवाडीला पुणे एफसीचे सामने बघायला जायचो. २०१२-१३ चा हंगाम होता. क्लब २००७ साली निघालेला, मागे मोठा उद्योगसमूह. त्या वर्षी आय-लीगमध्ये पुणे एफसी देशात दुसरा आला, पहिला गोव्याचा चर्चिल ब्रदर्स. देशात दुसरा! आणि आमच्या हॉस्टेलवर दहा पोरांना विचारलं तर आठांना असा क्लब आहे हेच माहीत नव्हतं. बालेवाडीचं श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी, महामार्गाच्या कडेला, तेव्हाच्या शहराच्या टोकाला बांधलेलं. शिवाजीनगरहून दहा-बारा किलोमीटर. बस बदलत जायचं, परतीच्या बसची चिंता करत सामना बघायचा. स्टँड आणि खेळ यांच्या मधे धावपट्टी. खेळाडू शिव्या देतायत की एकमेकांना हाका मारतायत तेही ऐकू येत नाही. हजारो खुर्च्यांत काहीशे माणसं बसली की ती गर्दी वाटतच नाही, उलट लग्नाच्या हॉलमध्ये वऱ्हाड आलंच नाही असं वाटतं.

२०१४-१५ मध्ये तर याच एका मैदानाला तीन क्लब 'घर' म्हणत होते. पुणे एफसी, नवा निघालेला भारत एफसी, आणि आयएसएलचा एफसी पुणे सिटी. भारत एफसी एका हंगामात संपला. पुणे एफसी २०१५ ला गुंडाळला गेला. मग डीएसके शिवाजियन्स आले, दोन हंगाम खेळून २०१७ ला गेले. एफसी पुणे सिटी २०१९ ला बंद झाला आणि त्याची जागा हैदराबादने घेतली. पाच वर्षांच्या आत एका मैदानावर चार क्लब मेले. त्यांच्यासाठी पुण्यात कुठे मोर्चा निघाल्याचं मला तरी आठवत नाही. ज्या गोष्टीवर माणसांचा हक्कच कधी तयार झाला नाही, ती गेल्यावर रडणार कोण?

आता इथे हिशोब समजून घ्या, कारण आपल्याकडे खेळावर बोलताना हिशोब कुणी मांडत नाही. २०१५-१६ च्या आय-लीगमध्ये नऊ संघ होते. म्हणजे एका क्लबचे सोळा सामने आणि त्यातले घरचे फक्त आठ. पुढच्या वर्षी दहा संघ, घरचे नऊ. मैदानाचं भाडं, बंदोबस्त, रुग्णवाहिका, रात्रीचा सामना असेल तर दिव्यांचा खर्च, हे सगळं या आठ-नऊ दिवसांत होतं. तिकीटबारी, टी-शर्ट, खाण्याच्या गाड्या यांतून जे काही परत यायचं तेही याच आठ-नऊ दिवसांत. मैदान भाड्याचं असेल तर आवारातला गाळा क्लबचा नसतो, पाटी क्लबची नसते. उरलेले साडेतीनशे दिवस त्या जागेवर क्लबचं नावही दिसत नाही. मोठा क्लब टीव्हीच्या पैशावर तगतो. छोट्याकडे तो नसतो, त्याच्याकडे फक्त दारात येणारी माणसं असतात. ती माणसंच येऊ शकणार नाहीत अशा ठिकाणी मैदान निवडलं, की मग क्लब मालकाच्या मर्जीवर जगतो. आणि मालकाचं गणित एका बैठकीत बदलतं.

मुंबई एफसीचं तर याहून वाईट झालं. कूपरेजचं नूतनीकरण निघालं आणि त्यांना काही हंगाम घरचे सामने पुण्यात, याच बालेवाडीला खेळावे लागले. मुंबईचा क्लब, मुंबईचं नाव, आणि घर दीडशे किलोमीटरवर. नंतर ते कूपरेजला परतले, २०१६-१७ ला तळाला गेले, आणि क्लब बंद झाला.

"अरे, ही मैदानाची गोष्ट नाही, आयएसएलची आहे," असं एक मित्र मला म्हणतो. वर बड्यांची खासगी लीग आणून बसवली, आय-लीगची किंमत गेली, म्हणून पैसेवाले निघून गेले. हे बरोबरच आहे. मीही नाकारत नाही. शिवाय १९६२ पासूनचा महिंद्रा युनायटेड शहराच्या मधोमध कूपरेजवर खेळत होता, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकला होता, तरी कंपनीने २०१० ला तो बंदच केला. म्हणजे मैदान जवळ असलं की क्लब वाचतोच, असं नाही. पण मग आयएसएलमधलाच एफसी पुणे सिटी का गेला? आणि मालकाचा हात सुटल्यावर क्लबला सावरायला माणसं कुठे होती? बंगळुरू एफसी २०१३ ला निघाला तेव्हा तो शहराच्या मध्यातल्या छोट्या फुटबॉल स्टेडियमवर खेळला. गच्च भरलेलं लहान मैदान. पहिल्याच वर्षी लीग जिंकली आणि गाणी म्हणणारा पाठीराखा वर्गही तिथेच तयार झाला. मोठ्या कांतीरवा स्टेडियमवर ते गेले, पण माणसं गोळा झाल्यावर गेले. पुण्यात आधी खुर्च्या होत्या.

मग कोल्हापूर बघा. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब, शिवाजी तरुण मंडळ. यांच्यातलं कुणी आय-लीगमध्ये नाही, त्या अर्थाने हे व्यावसायिक क्लब नाहीत, हे मान्य. पण बाहेरून पैसे देऊन खेळाडू आणतात, तिकीट काढून माणसं येतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या ते जिवंत आहेत. छत्रपती शाहू स्टेडियम शहरात आहे, जुन्या पेठांतून चालत जाता येतं, आणि ते कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनचं, म्हणजे खेळणाऱ्यांच्याच संघटनेचं आहे. बाप, मुलगा, नातू एकाच स्टँडवर बसतात. हुल्लडबाजी होते, कधी मारामाऱ्याही होतात, त्याचं कौतुक करायचं कारण नाही. पण २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचा आहे.

कोल्हापूर म्हटलं की आपण लगेच शाहू महाराजांचं नाव घेऊन हळवे होतो. घ्यावंच. पण सोबत हेही विचारा, की तालीम पेठेची असते आणि पेठ जातीची असते, तर या तालमींच्या कार्यकारिणीत आपली पोरं किती आहेत? जवळ असणं म्हणजे बरोबरीचं असणं नव्हे. पळवणकर बाळू हा आपला माणूस पुण्यात इंग्रजांच्या क्लबच्या मैदानावर रोलर फिरवत, जाळ्या बांधत होता. तिथेच साहेबांना सरावासाठी गोलंदाजी टाकता टाकता तो देशातला मोठा गोलंदाज झाला. मैदानाजवळ असल्यामुळे झाला. आणि हिंदूंच्या क्लबने त्याला संघात घेतल्यावरही चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या भांड्यात दिला. 'झुंड' पाहिलाय ना तुम्ही? त्यातली भिंत आठवा. वस्तीला लागूनच मैदान, आणि मधे भिंत.

इंग्लंडमध्ये एका छोट्या क्लबने हे सगळं भोगलंय. विम्बल्डनचा फुटबॉल क्लब १९१२ पासून प्लाउ लेनवर खेळत होता. १९८८ ला त्यांनी एफए कप जिंकला. १९९१ ला जुनं मैदान सोडून दुसऱ्या क्लबच्या मैदानावर भाडेकरू झाले, आणि २००३ मध्ये मालकांनी क्लबच उचलून नव्वद किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्स शहरात नेला. पाठीराख्यांनी काय केलं? २००२ मध्येच, स्थलांतराला परवानगी मिळाल्याबरोबर, स्वतःचा नवा क्लब काढला, अगदी खालच्या पायरीपासून. नऊ वर्षांत तो व्यावसायिक लीगमध्ये पोहोचला. २०२० मध्ये प्लाउ लेनवर, जुन्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, नवं मैदान घेऊन ते घरी परत आले. पैसा कुणाकडे होता आणि माणसं कुणाकडे होती, हे यात बघा.

आपल्या चळवळीला हा धडा नवा नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले ठराव मुंबई विधिमंडळात १९२३ ला झाला. महाडच्या नगरपालिकेने १९२४ ला चवदार तळं खुलं केलं. कागदावर. तरी १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांना हजारो माणसं घेऊन तळ्यापर्यंत चालत जावं लागलं. आमच्या मैदानाच्या कागदावरही 'सर्वांसाठी खुले' असंच लिहिलंय. कुलूप नाही, मनाई नाही, जात विचारणारं कुणी नाही. फक्त सात किलोमीटर आणि चाळीस रुपये. नव्या काळातलं दूर ठेवणं असंही असतं, आणि त्यावर आपलेच शिकलेले लोक पेढे वाटून सही करतात, मी केली तशी.

म्हणून कुणी तुम्हाला 'मोठं मैदान', 'क्रीडासंकुल', 'आंतरराष्ट्रीय दर्जा' दाखवला, तर आधी तीन गोष्टी विचारा. शेवटची बस किती वाजता आहे? जागा कुणाच्या नावावर आहे? आणि संध्याकाळी सातला तिथून पोरगी एकटी घरी येऊ शकते का? कुठल्या रंगाचं गवत आहे ते मागाहून बघू.

वस्तीमागची जागा अजून पूर्ण गेलेली नाही. अर्ध्यात पत्र्याचे शेड आलेत, अर्धी रिकामी आहे. गेल्या महिन्यापासून आम्ही तिथे परत खेळायला लागलोय. गोलपोस्ट नाहीत, विटा ठेवतो. बॉल शेडवर गेला की आतला वॉचमन आधी ओरडतो, मग परत फेकतो. मागच्या रविवारी सतरा पोरं होती, त्यात तीन मुली. उरलेली अर्धी जागा खेळासाठी राखून ठेवा, असा अर्ज दिलाय, आणि मी माझी आधीची सही मागे घेतोय असंही त्यात लिहिलंय. अशी सही मागे घेता येते का, हे विचारल्यावर तिथला कारकून हसला. सोमवारी परत जाणार आहोत. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेदहाला विहारात जमा. पोरं जर्सी घालून येणार आहेत, तुम्ही साध्या कपड्यांत आलात तरी चालेल.

जयभीम.