कोरड्या जमिनीवरचा बर्फ

पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे वाक्य आम्ही उभयतांनी वर्गात अनेकदा उच्चारले आहे. त्याविषयी प्रथम शंका आली ती जुलैमध्ये कॅनडाहून सुटीवर आलेल्या नऊ वर्षांच्या पुतणीमुळे. ती तिकडे फिगर स्केटिंग शिकते. प्रशिक्षिकेने सुटीपुरता व्यायामांचा एक कागद तिच्यासोबत दिला होता. धाराशिवात बर्फ दिसतो तो गोळ्याच्या गाडीवर नाहीतर रसवंतीत. त्यामुळे तो कागद आम्हांला आधी थट्टेचाच विषय वाटला.

व्यायाम मात्र थट्टेचे नव्हते. दोरीवरच्या उड्या, डोळे मिटून एका पायावर उभे राहणे आणि मग अर्ध्या फेराची वॉल्ट्झ उडी. नॉर्वेच्या ॲक्सेल पॉलसेनने १८८२ मध्ये व्हिएन्ना येथे केलेली, त्याच्याच नावाने ओळखली जाणारी दीड फेराची उडी पुढे हिच्याच पायावर उभी राहते. हात छातीशी आवळले की फेर वेगावतो, पसरले की मंदावतो. हा नियम बर्फावर आणि मातीवर सारखाच. पण सर्वाधिक वेळ दिलेला होता तो उतरण्याला. एका पायावर उतरायचे, गुडघा वाकवायचा, दुसरा पाय मागे ताणायचा, हात पसरायचे आणि मनात तीन मोजेपर्यंत हलायचे नाही. "आधी उतरायला शिकतात, काकू. उडी नंतर," असे तिने आम्हांला समजावले.

गच्चीच्या सिमेंटवर गुडघ्यांना हादरे बसू लागले, तेव्हा आम्ही तिला खो-खोच्या मैदानावर नेले. २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळवणाऱ्या सारिका काळे याच जिल्ह्यातल्या. तेव्हा तिथे मुलींची गर्दी असावी यात नवल नाही. खो मिळताच बसल्या जागेवरून उसळणाऱ्या त्या मुली हिच्यासारखे एका पायावर उतरू पाहताना डगमगल्या. मग त्यांच्यातलीच एक हिला म्हणाली, "टाचेवर भार देऊ नगंस." कागदावर नसलेली ती सूचना हिने मुकाट्याने स्वीकारली.

तरीही जमीन सारेच शिकवीत नाही. स्केटच्या पात्याला आतली आणि बाहेरची अशा दोन कडा असतात. वॉल्ट्झ उडी बाहेरच्या कडेवरून सुटते आणि उतरल्यावर देह उलटा मागे घसरत जातो. मातीवर उतरलेला जिथल्या तिथे थांबतो. शिवाय पाऊल रुतलेले असताना अंग वळले, तर गुडघा पिरगळायची भीती. कडेवर तोल सावरणे शेवटी बर्फावरच शिकावे लागते.

हे तिच्याकडून ऐकताना आम्ही एकमेकांकडे पाहिले. सेट उत्तीर्ण होऊन आम्ही दोघेही पंधरा वर्षे तासिका तत्त्वावर मराठी शिकवीत आहोत. हा सराव आहे, खरे पुढेच आहे, अशी समजूत आम्ही मुलाखतीगणिक करून घेतली. पुतणीला बर्फावर परतण्याची तारीख ठाऊक होती; आमच्या सरावाला अशी तारीख कोणी दिलेली नाही. ही खंत शब्दांनी झाकण्यात अर्थ नाही. मात्र समोर बसलेल्या मुलांच्या वाट्याला तोच तास खरा असतो, त्यांच्यापुढे सराव म्हणून शिकवता येत नाही, हे पंधरा वर्षांत आम्ही एकमेकांना एकदाही म्हटले नव्हते. ते त्या संध्याकाळी मैदानाच्या कडेला म्हटले गेले.

सप्टेंबरमध्ये तिचा फोन आला. बर्फावर वॉल्ट्झ उडीत ती तीनदा पडली होती, चौथ्यांदा उभी राहिली.

"तीनपर्यंत मोजलंस का?" आम्ही विचारले.

"नाही, काका. तिथे मोजायला सुचतच नाही. आपण मागे जातच राहतो."