पळसाची पाने आणि रताळ्याचा वेल

कुठेही गेले तरी पळसाला पाने तीनच, ही म्हण मराठी समाजात बहुधा दोन प्रसंगी वापरली जाते. एक म्हणजे दूरच्या प्रवासाला निघालेल्याचा उत्साह आवरण्यासाठी आणि दुसरा म्हणजे तिथून परतलेल्याची निराशा हलकी करण्यासाठी. जपानला गेलेल्या माणसाने सुट्टीचा एक अख्खा दिवस तिथल्या एखाद्या मोठ्या वनस्पती उद्यानात घालवावा का, असा प्रश्न निघाला की तीच म्हण आपोआप पुढे येते, कारण झाडे, पाणी, सावली आणि बाके इथल्या उद्यानांतही आहेत. तरीही या ठिकाणी ती नीट बसत नाही, आणि का बसत नाही याचा शोध घेऊ लागले की ती अधिकच निसटते.

पहिली अडचण साधी आहे, ती म्हणजे ज्या झाडाच्या भरवशावर ही म्हण साऱ्या जगाबद्दल बोलते ते झाड जपानच्या रानात उगवतच नाही. दुसरी अडचण पानांची आहे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने म्हणीतली तीन पाने ही तीन पाने नसून एकाच संयुक्त पानाच्या तीन पर्णिका, म्हणजे एकाच देठावर बसलेले तीन सुटे भाग आहेत. त्यांतही सारखेपणा नाही. टोकाची पर्णिका मोठी, रुंद आणि दोन्ही अंगांनी सारखी असते, तर बाजूच्या दोन तिरप्या असून त्यांच्या मधल्या शिरेची एक बाजू दुसरीपेक्षा रुंद भरते. पत्रावळी लावणाऱ्या हातांना हा फरक ठाऊक असतो. तिसरी अडचण सर्वांत विचार करायला लावणारी आहे. माघ-फाल्गुनात पळस केशरी फुलांनी भरून जातो आणि माळावरून जाणाऱ्या कोणालाही लांबूनच ओळखू येतो, पण तोवर त्याची पानगळ झालेली असते. म्हणजे ज्या दिवसांत पळस सर्वाधिक पाहिला जातो त्या दिवसांत त्याला तीन पाने नसतात, बहुधा एकही नसते. म्हण रचणाऱ्याने पळस पावसाळ्यात पाहिला असेल, किंवा न पाहताच इतरांकडून ऐकला असेल, किंवा फुलांनी दिपून न जाता वर्षभर त्याच्याकडे पाहत राहण्याइतका तो त्याच्या जवळ राहत असेल. यांतली कोणतीही शक्यता धरली तरी म्हणीचा अर्थ थोडा बदलतो.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात जपानमधले उद्यान पाहावे का, हा प्रश्न वाटतो तितका लांबचा नाही. 1962 साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर या भागात एकामागून एक कारखाने उभे राहिले आणि पुढे त्यांच्यासोबत जपानी कार्यपद्धतीही आल्या. कायझेन, म्हणजे रोजच्या कामात थोडी थोडी सुधारणा करत जाणे, आणि फाइव्ह एस, म्हणजे कामाची जागा नीटनेटकी व शिस्तीत ठेवण्याची पाच पायऱ्यांची रीत, हे शब्द शॉप फ्लोअरवर काम करणाऱ्यांच्या बोलण्यात रुळले आहेत. त्यांतलाच एक शब्द गेम्बा, म्हणजे काम जिथे प्रत्यक्ष घडते ती जागा. अडचण कागदावरून न ठरवता त्या जागी जाऊन डोळ्यांनी पाहावी, असा त्यामागचा आग्रह आहे. तेव्हा या पट्ट्यातल्या माणसाच्या मनात दोन शिकवणी एकत्र नांदतात. एक सांगते की सगळीकडे सारखेच असते, तर दुसरी सांगते की जाऊन पाहिल्याशिवाय काहीच कळत नाही. दोन्ही खऱ्या वाटतात आणि दोन्ही एकाच वेळी खऱ्या कशा असतील, हे उमगत नाही.

अशा माणसाला जपान पाहण्याची जवळची सोय पुण्यात सिंहगड रस्त्यावर आहे. पुणे-ओकायामा मैत्री उद्यान हे सुमारे 10 एकरांचे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेच्या धर्तीवर रचलेले असून त्याला पु. ल. देशपांडे यांचे नाव दिले आहे, आणि ते समर्पकच आहे, कारण त्यांच्या ‘पूर्वरंग’ या प्रवासवर्णनात जपान आहे. औद्योगिक पट्ट्यातल्या अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे भोसरीचा कामगार जेव्हा सवड काढून तिथे पोचतो तेव्हा शहराचा कामाचा दिवस असतो आणि बागेतली हिरवळ, पाण्याचे प्रवाह व लहान पूल त्याला निवांतपणे पाहता येतात. मूळ कोराकुएन ओकायामातल्या इकेदा घराण्यातील त्सुनामासा या सरदाराने 1687 साली सुरू करवून 1700 साली पूर्ण करवली आणि 1884 साली ती सामान्य लोकांसाठी खुली झाली. त्या बागेत आजही भाताचे खाचर आणि चहाची लागवड राखलेली आहे. कांद्याच्या बाजारासाठी ओळखल्या जाणाऱ्या चाकणमध्ये शेतांच्या जागी कारखाने आले, तर तिथे सरदाराच्या विहारासाठी केलेल्या बागेत शेताला जागा मिळाली. यावरून कोणता समाज शेतीवर अधिक माया करतो हे मात्र ठरत नाही, कारण पाहण्यासाठी राखलेले खाचर आणि पोटासाठी कसलेले रान यांची तुलना करणे न्यायाचे नाही.

शिवाय कोराकुएन ही विहाराची बाग आहे. वनस्पती उद्यान म्हणजे जिथे झाडे अभ्यासासाठी जमवली, ओळखली आणि नोंदवली जातात ती जागा, आणि तशी जागा टोकियोत कोइशिकावा येथे आहे. 1684 साली शोगुनची, म्हणजे लष्करी राज्यकर्त्याची, औषधी वनस्पतींची बाग म्हणून तिची सुरुवात झाली. आज ती टोकियो विद्यापीठाकडे असून तिचा विस्तार सुमारे 16 हेक्टर आहे. 1722 साली तिच्या आवारात गरिबांसाठी दवाखाना उघडला गेला आणि 1896 साली हिरासे साकुगोरो यांनी तिथल्या गिंको वृक्षाचा अभ्यास करून त्याच्या पोहणाऱ्या पुंपेशींचा शोध लावला. परंतु या उद्यानाची सर्वांत मोठी कहाणी कोणत्याही वृक्षाची नसून रताळ्याची आहे.

1732 साली पश्चिम जपानमध्ये किडीमुळे भातपीक बुडाले आणि मोठा दुष्काळ पडला. त्यानंतर आओकी कोन्यो या विद्वानाने शोगुन योशिमुनेच्या पाठबळाने 1735 साली कोइशिकावा येथे रताळ्याची प्रायोगिक लागवड केली, आणि दक्षिणेकडे आधीच रुजलेले हे पीक पूर्वेकडच्या प्रदेशांत दुष्काळातला आधार म्हणून पसरले. लोक कोन्योला रताळ्याचे गुरुजी म्हणू लागले. हेच रताळे देहू-आळंदीच्या परिसरात आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी मंडईत ढिगांनी येते आणि घरोघरी किसून, उकडून किंवा तुपासाखरेत परतून उपवासाला खाल्ले जाते. तिथे ते नाइलाजाने आलेल्या भुकेवर उपाय ठरले, तर इथे स्वतः होऊन पत्करलेल्या उपवासाचा भाग झाले. कंद तोच असून दोन समाजांनी त्याला इतक्या वेगळ्या ठिकाणी बसवले, की सारखेपणाचा दावा करणाऱ्याला आणि वेगळेपणाचा दावा करणाऱ्याला त्यात सारखाच पुरावा सापडतो. शिवाय पळसाचे पान जसे ठरलेले असते तसे रताळ्याचे नसते. एका वाणाचे पान बदामाकृती असते, तर दुसऱ्याचे बोटांसारखे फाटलेले असते. त्यातून रताळे मुळात ना जपानचे ना महाराष्ट्राचे. ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे जगभर गेले. तेव्हा सर्वत्र आढळणारी गोष्ट सर्वत्र मुळातलीच असते असे नाही, आणि परकी गोष्ट धर्माच्या ताटात मानाने बसू शकते.

मग उद्यान पाहायला दूर जावे की जाऊ नये, याचे उत्तर या विचारातून मिळत नाही. म्हण खोटी ठरवावी तर रताळे तिच्या बाजूने बोलते, आणि खरी मानावी तर पळसच तिच्याविरुद्ध उभा राहतो. एक गोष्ट मात्र करता येण्याजोगी आहे. पिंपरी, निगडी, भोसरी आणि चाकणच्या उद्यानांतून गुरुवारी मुले हाताला धरून फिरणाऱ्या कुटुंबांसाठी झाडांवरच्या पाट्यांवर केवळ नाव न लिहिता ते झाड मूळचे कुठले आणि इथे कसे आले, हेही लिहावे, आणि नागरिकांनी ही मागणी आपापल्या प्रभागात लावून धरावी.