पोडियमवरचं पाणी

ठाकूरद्वारच्या आमच्या वाडीचं रिडेव्हलपमेंट ठरलं, तेव्हा बिल्डरच्या स्लाइड्समध्ये सगळ्यात मोठा फोटो स्विमिंग पूलचा होता. पोडियमवर निळं पाणी, काठाला बांबूच्या कुंड्या. मी विचारलं, "कुंपण कुठाय?" त्यांचा माणूस हसला. "सर, व्ह्यू जातो. आणि सिक्युरिटी असणारच की."

माझी भाची अडीच वर्षांची आहे. तिला दार उघडता येतं, पोहता येत नाही.

पाणी वाडीला नवीन नाही. मधल्या चौकात विहीर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी. मला वाटायचं, ती पोरांसाठी बसवली. आजोबा सांगायचे, डासांसाठी. १९११ मध्ये डॉ. बेंटलींनी मुंबईच्या मलेरियावर अहवाल दिला, डास विहिरींत वाढतात म्हणून. मग पालिका विहिरी बुजवा, नाहीतर झाका म्हणून मागे लागली. लोक बिथरले, कारण विहिरीत देव असतो. पालिकेतल्याच रुस्तम मसानींनी तर १९१८ मध्ये विहिरींच्या लोकश्रद्धांवर अख्खं पुस्तक काढलं. या सगळ्यात पोरांचा विषय कुठेच नव्हता, पण आमच्या चार पिढ्या त्या जाळीभोवती क्रिकेट खेळल्या.

शिवाय चाळीत गॅलरी असते. कुणाचं पोर कुठे निघालं, हे चार काकूंना दिसतं. टॉवरमध्ये दार बंद, आणि लिफ्ट थेट पोडियमवर.

मेलबर्नच्या मामेबहिणीकडे पूल आहे. तिथे ३०० मिमीपेक्षा खोल पाणी साठू शकत असेल तर कुंपण सक्तीचं, आणि दर चार वर्षांनी तपासणी. उंची किमान १२०० मिमी, खालून किंवा गजांमधून १०० मिमीहून जास्त फट नको. गेट पाण्याच्या उलट दिशेला उघडायचं, आपोआप मिटायचं, कडी आपोआप पडायची. ती उघडायचा खटका साधारण दीड मीटरवर. तिच्या इन्स्पेक्टरने कुंपणालगतची एक कुंडी हलवायला लावली, कारण पोर तिच्यावर चढून पलीकडे जाईल. म्हणजे आमच्या स्लाइडमधल्या बांबूच्या कुंड्यांना तिथे कुंपणालगत जागा मिळाली नसती.

मला त्यातला 'आपोआप' आवडला. कुणीतरी बघेल, या भरवशावर आम्ही ऑफिसात साधा सर्व्हरही सोडत नाही. वॉचमन जेवायला जातो, फोन घेतो. बुडणारं लहान मूल बहुतेक वेळा ओरडतही नाही, आणि काही मिनिटं पुरतात.

कमिटीच्या सेक्रेटरीकाकांनी "लिहून दे" म्हटलं. मी करारातल्या अमेनिटीजच्या पानासाठी चार ओळी दिल्या, मापांसकट. बिल्डरचं उत्तर यायचंय.

शेजारच्या काकूंची अडचण वेगळीच. त्या पावणेपाच फूट. "एवढ्या उंच कडीला माझा हात पोचेल का रे?"

मी टेप काढून गॅलरीच्या खांबावर दीड मीटरवर खडूने रेघ मारली. आरामात पोचला.