उजेडाचं देणं

रेवदंडा-चौलच्या पट्ट्यात हौशी नाटकांना मी लाइट देतो. लॅपटॉप, नोड, एलईडीचे पार दिवे, वायरी असा माझा संसार आहे. त्याचे हप्ते केव्हाच फिटले. जे फिटलं नाही ते ज्यांचं आहे त्यांनी कधी मागितलंच नाही, म्हणून निदान लिहून तरी ठेवतो.

पहिलं देणं वायरमन काकांचं. शिमगा झाल्यावर किंवा हनुमान जयंतीला गावात नाटक असलं की उजव्या विंगेत काकांचं सामान लागायचं. चिनी मातीच्या जाड नळ्या, प्रत्येक नळीच्या तळाला एक धातूची चकती, वर दोरीला टांगलेली दुसरी चकती आणि मध्ये मिठाचं पाणी. दोरी सोडली की चकत्या जवळ यायच्या, करंटला वाट मोकळी व्हायची आणि स्टेजवरचा दिवा चढायचा. दोरी ओढली की उतरायचा. हाच आमचा डिमर. कंपनीचा डिमर गावाच्या वर्गणीत बसत नव्हता, आणि मिठाला आमच्या किनाऱ्यावर काय तोटा! "मीठ बेतानं टाक पोरा, नायतर पानी उकलंल," असं काका दर वेळी बजावायचे. खरंच, सावकाश चढणारी पहाट असली की नळीतून वाफ निघायची. उघड्या पाण्यात दोनशे तीस व्होल्ट खेळत असायचे. आज हे कुणी करू नये, मी करू देणार नाही. पण काकांनी मला दोरीला हात लावू दिला तो पायाखाली कोरडी फळी ठेवून आणि डावा हात पाठीमागे धरायला लावूनच. दोन्ही हात एकदम पुढे गेले तर करंट छातीतून जातो, हे मला पुस्तकाआधी त्यांनी शिकवलं.

त्यांचं खरं शिक्षण मात्र दोरीचं नव्हतंच. काका अख्खं नाटक पाठ करायचे. नटाच्या वाक्याबरोबर त्यांचे ओठ हलायचे आणि त्या वाक्याच्या वेगाने दोरी सुटायची. कलकत्त्यात तापस सेन यांनी १९५९ साली 'अंगार' नाटकात कोळशाच्या खाणीत घुसणारं पाणी प्रकाशाच्या जोरावर उभं केलं, हे मी फार पुढे वाचलं. वाचताना डोळ्यांसमोर आले ते काकाच.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आदळलं. सामानाच्या शेडचे पत्रे उडाले, हॅलोजन आणि नंतर घेतलेले डिमर पॅक पाण्यात गेले. पुन्हा उभं राहायचं तर एलईडीच घ्यायचे होते, कारण वीज कमी खातात. पण एलईडी पारचा व्होल्टेज कमी करून तो नीट मंद होत नाही. त्याला आकड्यांत सांगावं लागतं. ती आकड्यांची बोली म्हणजे डीएमएक्स ५१२, अमेरिकेतल्या रंगमंच-तंत्रज्ञांच्या संस्थेने १९८६ साली ठरवलेली. एका वायरीत ५१२ चॅनेल, प्रत्येकाला ० ते २५५ मधला एक आकडा, आणि ही सगळी यादी सेकंदाला चाळीसएक वेळा पुन्हा पुन्हा जाते. लाल किती, हिरवा किती, निळा किती, एवढंच दिव्याला कळतं.

हे आकडे पाठवायला एरवी कन्सोल वापरतात आणि मोठा कन्सोल आमच्या आवाक्याबाहेर होता, म्हणून ते लॅपटॉपवरून नेटवर्कने पाठवायचं ठरवलं. तिथे दुसरं देणं चढलं, गावात इंटरनेट देणाऱ्या केबलवाल्या दादाचं. रात्री दुकान बंद करून तो क्रिम्पिंगची पक्कड घेऊन आला, प्रेक्षकांच्या मागून स्टेजपर्यंत पुरेल एवढी लॅन केबल त्याने कापली, टोकं बसवली. मग पत्ते दिले: लॅपटॉपला २.०.०.१०, नोडला, म्हणजे नेटवर्कवरचे आकडे डीएमएक्समध्ये बदलणाऱ्या डबीला, २.०.०.२०, मास्क २५५.०.०.०. मी गोंधळलो तर म्हणाला, "दोघांचं आडनाव एक पाहिजे आणि नाव वेगळं, तरच घरात बोलणं होतं." नेटवर्कचं इतकं नेमकं वर्णन मी पुन्हा ऐकलं नाही. वायफायला त्याने साफ नकार दिला. समोर हजार माणसं मोबाइल घेऊन बसल्यावर हवेतून जाणाऱ्या सिग्नलवर प्रयोग सोपवायचा नाही. पैसे विचारले तर उठून गेला.

तिसरं देणं ज्यांचं, त्यांना मी कधी पाहणार नाही. डीएमएक्स नेटवर्कवरून पाठवायची आर्ट-नेट ही पद्धत इंग्लंडच्या वेन हॉवेल यांच्या आर्टिस्टिक लायसन्स कंपनीने १९९८ मध्ये आणली आणि कुणालाही विनामूल्य वापरू दिली. लॅपटॉपवरून दिवे चालवणारं क्यूएलसी प्लसही फुकट. मूळ प्रोग्राम हैकी युन्निला यांचा, पुढे तो वाढवला मास्सिमो काल्लेगारी यांनी. त्यांनी हे विकायचं ठरवलं असतं, तर आमच्या जत्रेतल्या नाटकाला पहाट कुठून मिळाली असती?

नेटवर्कवरच्या पहिल्या प्रयोगाला काका माझ्या शेजारी बसले होते. पहाटेचा क्यू, म्हणजे बटण दाबलं की आपोआप होणारा उजेडाचा बदल, मी नव्वद सेकंदांचा बांधला होता. बटण दाबायच्या आधी मी तो त्यांना दाखवला. त्यांनी स्क्रीनकडे बघून एवढंच विचारलं, "आनि नट मधीच थांबला तं?" मी तो क्यू तिथल्या तिथे काढला आणि पहाट एका स्लायडरवर घेतली. त्या रात्री म्हातारीचं काम करणारी बाई वाक्याच्या मध्ये खरंच थांबली, टाळ्या येईपर्यंत थांबली. स्लायडर थांबला, सूर्य थांबला. तेव्हापासून कितीही क्यू बांधले तरी नटाच्या श्वासावर चालणारा उजेड मी माउसवरच्या बोटावर ठेवतो. घड्याळावर चालणारी पहाट मला खोटी वाटते, आणि हे माझं मत काकांकडून आलेलं आहे.

किनाऱ्यावर खाऱ्या हवेने कनेक्टरच्या पिना महिन्याभरात हिरव्या पडतात. म्हणून प्रयोगानंतर त्या पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर बंद डब्यात ठेवाव्या लागतात. मुरूड, श्रीवर्धनकडच्या ज्या मंडळींना नाटक करायचंय आणि लाइटला पैसे नाहीत, त्यांनी क्यूएलसी प्लस आजच उतरवून घ्यावं. दिवे नसतानाही सराव करता येतो. पावसाळ्यात माझा नोड आणि केबल मोकळीच असते. येऊन घेऊन जा, भाडं नाही. परत आणताना पिना तेवढ्या पुसून आणा.